उपास, झोप आणि राग

प्रश्न : मी मठात नवदीक्षित आहे. प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) रोज एकदाच जेवते, चारच तास झोपते. आता सतत चिडचिड होते, रडू येतं. हे पाप आहे का?

उत्तर : नाही. कॅथलिक शिकवणीत भावना मुळात चांगल्या नसतात, वाईटही नसतात. आपण जाणूनबुजून त्यांचं काय करतो, तिथून पाप-पुण्य सुरू होतं. तुमची चिडचिड बहुधा भुकेची आणि जागरणाची आहे.

चर्चचा सक्तीचा उपास वर्षात दोनच दिवस : राखेचा बुधवार (प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे. तोही १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. त्या दिवशीसुद्धा एक पूर्ण जेवण आणि सकाळ-संध्याकाळ थोडं खाणं चालतं. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची मोजपट्टी नेमकी आहे : जादाचं सोडणं हा फक्त संयम, योग्य तेवढ्यातलं कमी करणं हे प्रायश्चित्त, मात्र प्रकृती ढासळता कामा नये. झोपेलाही हेच लागू.

मठप्रमुख मदरना विचारलंत का? संत बेनेडिक्टने मठवासींसाठी लिहिलेल्या नियमात प्रायश्चित्तकाळातला प्रत्येक जादा संकल्प आधी मठाधिपतींना सांगावा लागतो. परवानगीविना केलेला अहंकारात मोजला जातो. आजच त्यांच्याशी बोला, पोटभर जेवा, सात तास झोपा. दुःखावर झोप आणि स्नान हे उपाय मध्ययुगातले थोर धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनीच सांगितले आहेत.