डावानं हरल्यावर संघात एकच बदल? बरोबरच केलं त्यांनी

तुमचा राग समजतो. तुमची काउंटी, म्हणजे तुमचा इंग्लंडमधला जिल्हा संघ, चार दिवसांच्या चॅम्पियनशिपमध्ये डाव आणि शंभरावर धावांनी हरली, दोन्ही सलामीवीर दोन्ही डावांत दहाच्या आत परतले, आणि पुढच्या शुक्रवारी बघता तर संघात बदल एकच. तोही चार विकेट काढणाऱ्या वेगवान गोलंदाजाला बाहेर बसवून! "राबला तो घरी आणि माती खाल्ली ते आत, ही कसली निवड?" असं तुम्ही विचारलंय. रणजी बघत वाढलेल्या माणसाला हे खटकणारच. मी इंग्लंडात लेस्टरला आलो त्याला आता बावीस वर्षं झाली, पहिली दोन-तीन वर्षं मीही असाच चिडायचो.

आधी वेळापत्रक बघा. एप्रिल-मेमध्ये सामना शुक्रवारी सुरू होतो, सोमवारी संपतो आणि पुढचा लगेच त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी. मधे तीन दिवस, त्यातला एक प्रवासात जातो. डावानं हरणं म्हणजे समोरच्यांनी एकदाच फलंदाजी केली, पण साडेचारशे-पाचशे केले. म्हणजे तुमच्या गोलंदाजांनी सलग सव्वाशे-दीडशे षटकं टाकली. ज्यानं चार विकेट काढल्या त्याच्या वाट्याला बहुधा सगळ्यात जास्त आली असणार, कारण कर्णधार चेंडू पुन्हा पुन्हा त्याच्याच हातात देतो. चौथ्या दिवशी त्याच्या मांडीचा स्नायू कुरकुरायला लागला की फिजिओ आधी प्रशिक्षकाच्या कानात सांगतो, आपल्याला कळत नाही. त्याला वगळलेलं नाही, वाचवलंय. तसाच ढकलला असता तर सहा आठवडे गेला असता.

आणि सलामीवीर? दहा-बारा चेंडू खेळून आत बसलेले. संघात सगळ्यात ताजेतवाने तेच!

म्हणून इथला अलिखित नियम असा, की शिव्या फलंदाजांना पडतात आणि बदल गोलंदाजांत होतात. २०२५ च्या हंगामात ओव्हलवर सरेनं डरहॅमविरुद्ध ९ बाद ८२० वर डाव घोषित केला आठवतंय? डॉम सिबलीनं ३०५ केल्या. त्या फेरीत इथल्या नेहमीच्या ड्यूक चेंडूऐवजी कुकाबुरा चेंडू होता. कुकाबुराची शिवण लवकर बसते, मग इंग्लंडचा मध्यमगती गोलंदाज नुसता धावत येतो आणि मार खातो. डरहॅमनं तो सामना अनिर्णित राखला, हरले नाहीत. पण त्यांच्या गोलंदाजांच्या पायांचा विचार करा. अशा सामन्यानंतर निवडीची बैठक म्हणजे अर्धी फिजिओचीच बैठक असते.

आता फलंदाजांकडे येतो, कारण तुमचा खरा राग तिथे आहे. २०१३ मध्ये चेम्सफर्डला एसेक्स लँकेशायरविरुद्ध दुसऱ्या डावात २० धावांत बाद झाले. अख्खा संघ, २० धावा, १४.२ षटकं. ग्लेन चॅपलनं ९ धावांत पाच विकेट काढल्या. डाव आणि १०५ धावांनी हार. पण त्याच सामन्याच्या पहिल्या डावात याच संघानं २७३ केल्या होत्या. मग कोणता आकडा धरून निवड करायची, २० की २७३? आणि त्याच चेम्सफर्डवर १९८३ मध्ये सरे १४ धावांत बाद झालं होतं. चौदा! नॉर्बर्ट फिलिपनं ४ धावांत सहा आणि नील फॉस्टरनं १० धावांत चार. फॉलोऑन मिळाल्यावर दुसऱ्या डावात तेच फलंदाज २ बाद १८५ पर्यंत गेले, कर्णधार रॉजर नाइट १०१ वर नाबाद राहिला आणि सामना अनिर्णित सुटला. चेंडू फिरायला लागला की असं होतं. इथे एप्रिलच्या सकाळी अकरा वाजता ढग खाली आलेले असले तर उत्तम फलंदाजाचीही कड लागते.

बघायचं असतं ते धावा नव्हे, बाद कसा झाला ते. चांगल्या चेंडूवर यष्टिरक्षकाकडे झेल गेला तर सोडून द्या. पण चार सामने ओळीनं पाय पुढे न टाकता पायचीत होतोय, तर मग खरंच बसवावं आणि सेकंड इलेव्हनमध्ये, म्हणजे काउंटीच्या दुसऱ्या संघात, धावा करायला पाठवावं. तुमच्या दोघांपैकी एकाचं मला असंच वाटतं, पण एका पराभवावरून नाही.

दुसरी गोष्ट, बदली आणणार कुठून? मुंबईला रणजीसाठी निवड समिती असते आणि तिच्यापुढे कांगा लीगपासून ऑफिसांच्या स्पर्धांपर्यंत शेकडो पोरं असतात. इथे निवड करतात मुख्य प्रशिक्षक, कर्णधार आणि क्रिकेट संचालक, आणि हाताशी करारावरचे वीस-पंचवीस. त्यातले चार-पाच जखमी, एखादा इंग्लंडच्या केंद्रीय करारावर म्हणजे बोर्ड सोडेल तेव्हाच. परदेशी खेळाडू अकरात फक्त दोन. अडलं तर दुसऱ्या काउंटीकडून पोरगा उसना आणायचा, तो चार दिवसांसाठी येतो आणि अर्ध्या ड्रेसिंग रूमची नावंही त्याला माहीत नसतात. श्रीरामपूरचा झहीर खान २००६ मध्ये वूस्टरशायरकडून हंगामभर खेळला आणि ७८ विकेट घेतल्या. तसा परदेशी गोलंदाज आता कुणाला मिळतो? आता लोक तीन सामन्यांसाठी येतात.

आणि गुणांचं गणितही असतं. विजयाला १६, अनिर्णितला ८. फलंदाजीचे बोनस गुण पहिल्या डावात ११० षटकांच्या आत २५० झाल्यावर सुरू होतात आणि दर ५० धावांना एक असे ४५० पर्यंत पाच. मार खाल्लेला संघ पुढचा सामना आधी वाचवायला बघतो. २०२४ मध्ये कार्डिफला ग्लॅमॉर्गननं लेस्टरशायरवर मोठी आघाडी घेतली, तेव्हा लेस्टरशायरकडून आपला अजिंक्य रहाणे आणि पीटर हँड्सकाँब यांनी दुसऱ्या डावात शतकं ठोकून सामना अनिर्णित ठेवला. रहाणेच्या १०२ होत्या. ते आठ गुण असे येतात, नवी पोरं उतरवून नाही.

सफाईची हौस आम्हीही फेडून घेतलीय. आमच्या क्लबच्या तिसऱ्या संघाची निवड गुरुवारी रात्री माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर होते, व्हॉट्सअ‍ॅप उघडं ठेवून. एकदा आम्ही ३८ धावांत बाद झालो. मी तावातावानं चार जणांना काढलं. पुढच्या शनिवारी नव्या चौघांपैकी एक उशिरा आला, एकाच्या मुलाचा वाढदिवस निघाला, आणि आम्ही ३१ वर गेलो. काढलेल्यांपैकी एक जण ओल्या खेळपट्टीवर तासभर नुसता उभा राहू शकायचा. ते मला आकड्यांत दिसलं नव्हतं. अजून बायको जेवताना विचारते, "आज कुणाला काढलंत?"

याचा अर्थ कधीच काही बदलू नये असा नाही. २०११ मध्ये यॉर्कशायर खालच्या गटात घसरलं, अध्यक्षांनी खेळाडूंची जाहीर खरडपट्टी काढली, पुढे काहींना नारळ मिळाला, प्रशिक्षक म्हणून जेसन गिलेस्पी आला. पण लीथ, बॅलन्स, बेअरस्टो, रशीद हे त्याच घसरलेल्या संघातले, आणि २०१४ आणि २०१५ ला विजेतेपद मिळवलं त्या संघातलेही. आमचं लेस्टरशायर २०१३ आणि २०१४ असे दोन अख्खे हंगाम चॅम्पियनशिपचा एकही सामना जिंकलं नाही. ९९२ दिवसांनी, २०१५ मध्ये, जिंकले तेही चेम्सफर्डलाच. त्या काळात रोज नवी पोरं यायची. मी बघत होतो, कुणाचं नाव पाठ होईपर्यंत तो गेलेला असायचा. तेच लेस्टरशायर २०२५ ला दुसऱ्या गटाचं विजेतं होऊन वर गेलं.

एक करा. पुढच्या घरच्या सामन्याला अकराला नका येऊ, साडेनऊला या. मुख्य खेळपट्टीच्या बाजूला, मधल्या खेळपट्ट्यांच्या कडेला, एक गोलंदाज एकटाच अर्ध्या रनअपनं चेंडू टाकत असेल, यष्टिरक्षकाजागी हातमोजा घातलेला प्रशिक्षक आणि शेजारी हात बांधून उभा फिजिओ. सहा-सात चेंडूंनंतर तिघं एकमेकांशी काहीतरी बोलतात. गोलंदाज मान हलवतो, किंवा नाही हलवत. नाणेफेकीच्या आधी तेरावा माणूस किटबॅग ओढत कार पार्ककडे निघतो, दुसऱ्या गावी सेकंड इलेव्हनचा सामना गाठायला. त्या दिवशी कोण निघालाय ते बघा आणि मग इथे येऊन लिहा.