सासूबाईंना ‘इंदिरामाय’चं घर पाहायचंय

प्रश्न : ताई, दिवाळीनंतर भुसावळहून पंजाब मेलने आम्ही दिल्लीला निघतोय. सोबत सासूबाई आहेत. वय ७६, गुडघ्यांनी बेजार. तरुणपणी नंदुरबारला त्यांनी इंदिरा गांधींची सभा ऐकलेली. त्यांची एकच मागणी : “माले इंदिरामायनं घर देखनं शे.” मुलगा म्हणतो, त्यापेक्षा तीन मूर्तीला चला, तिथे सगळे पंतप्रधान एकाच ठिकाणी. हाताशी एकच दिवस आहे. शिवाय गोळ्या लागल्या तेव्हाची साडी त्या घरात ठेवली आहे म्हणे. ती त्यांना दाखवावी का?
– एक वाचक, साक्री

उत्तर : सासूबाईंचं ऐका. सकाळी इंदिराबाईंचं घर, म्हणजे १, सफदरजंग रोड, आणि अंगात त्राण उरलं तर दुपारी तीन मूर्ती.

हा बैठा, पांढरा बंगला आहे. माडी चढायची नाही, म्हणजे गुडघ्यांची निम्मी काळजी मिटली. १९६४ मध्ये नेहरू गेले, त्यानंतर इंदिराबाई तीन मूर्ती सोडून इथे आल्या आणि १९६६ मध्ये पंतप्रधान झाल्यावरही इथेच राहिल्या. मधली गंमत सासूबाईंना जरूर सांगा : १९७७ मध्ये लोकांनी पाडलं, तेव्हा बाईंना हे घरही सोडावं लागलं. १९८० मध्ये निवडून आल्या, तेव्हाच परत मिळालं. सासूबाईंनी त्या दोन्ही वेळी कुठे शिक्का मारला होता, तेही विचारून बघा!

आत बैठकीची खोली, जेवणाची खोली, अभ्यासिका या सगळ्या काचेपलीकडून बघायच्या. पुस्तकांच्या खोलीपाशी थांबा. गर्दी असली की मागचे लोक पुढे ढकलतात, आपण हलायचं नाही. देशाच्या पंतप्रधानांचं घर म्हणून डोळे दिपतील अशी अपेक्षा ठेवून गेलात, तर हिरमोड होईल. मला तर ते साधेपणच आवडतं.

आता साडीचं. ३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी त्या घरातून निघून बागेतल्या वाटेने शेजारच्या १, अकबर रोडवरच्या कार्यालयाकडे चालल्या होत्या. ब्रिटिश अभिनेते पीटर उस्तिनॉव मुलाखतीसाठी थांबले होते. वाटेतल्या फाटकापाशी दोघा अंगरक्षकांनीच गोळ्या झाडल्या. त्या दिवशीची साडी इथे आहे, आणि राजीव गांधींच्या अंगावरचे १९९१ मधल्या स्फोटातले कपडेही. बागेतली ती वाट आता काचेने झाकली आहे. सासूबाईंना हे आधीच, घरी बसून, नीट सांगा आणि बघायचं की नाही ते त्यांनाच ठरवू द्या. आपल्याकडच्या बायांनी दुष्काळ पाहिलेत, घरातली मरणं पाहिलीत; त्या कोसळतील असं आपणच धरून चालतो. नातवंडं लहान असतील, तर मात्र त्यांना बागेत फिरवा.

एक बोचणारी गोष्टही सांगते. हे स्मारक इंदिराबाईंच्याच नावाचा न्यास चालवतो, तेव्हा सूर घरच्या माणसांचा. आणीबाणी समजून घ्यायला ही जागा नव्हे. तिथे तुमच्या मुलाचं म्हणणं खरं : तीन मूर्तीच्या आवारात १४ एप्रिल २०२२ ला प्रधानमंत्री संग्रहालय सुरू झालं, तिथे एकेका पंतप्रधानाचा काळ मांडला आहे. पण चालणं फार. शेजारी नेहरूंचं राहतं घर, त्याआधी इंग्रजांच्या सरसेनापतीचं. तेवढंच पाहून परतलात तरी चालेल.

लोककल्याण मार्ग हे मेट्रो स्थानक सफदरजंग रोडला जवळचं, पण सासूबाईंसाठी थेट दारापर्यंत रिक्षा करा. तिकीट लागत नाही. सोमवार तेवढा टाळा, त्या दिवशी बंगला बंद असतो.