पिकअपमधील बदलांसाठी मुदत ठेव मोडावी का?

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आपले लेथचे वर्कशॉप आहे. २०१७ सालची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप आपण गेल्या वर्षी जुनी विकत घेतली. आता तिची देखभाल स्वतः करावी आणि गगनबावडा, भुदरगडकडच्या कच्च्या वाटांसाठी तिच्यात बदलही करावेत, अशी आपली इच्छा आहे. आपला अंदाज ३,५०,००० रुपयांचा आहे: अवजारे ४५,०००, मोठ्या मापाचे पाच टायर ९०,०००, गाडी उंच करणारे सस्पेन्शन ९५,०००, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) आणि लोखंडी बंपर ८५,०००, स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) व दिवे ३५,०००. ही रक्कम ४,००,००० रुपयांची मुदत ठेव मोडून उभी करावी की तीन लाखांचे वैयक्तिक कर्ज काढावे, हे आपल्याला ठरवायचे आहे. माझे स्पष्ट मत असे की दोन्ही करू नये; देखभाल मात्र अवश्य स्वतः करावी.

आधी ठेवीचे पाहू. आपला घरखर्च दरमहा ४८,००० आणि गृहकर्जाचा हप्ता १६,५०० रुपये आहे, म्हणजे सहा महिन्यांची गरज ३,८७,००० रुपये होते. याचा अर्थ ही ठेव शिल्लक पडलेली रक्कम नसून घराचा आपत्कालीन निधी आहे. जॉबवर्कची बिले किती उशिरा वसूल होतात, हे आपण स्वतःच लिहिले आहे. शिवाय २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्ग बंद पडून मालाची ये-जा थांबली होती, हे कोल्हापूरच्या कोणत्याही उद्योजकाला नव्याने सांगायला नको. कर्जाचे म्हणाल, तर आपल्याला सांगितलेल्या १३ टक्के दराने तीन लाखांचा तीन वर्षांचा हप्ता सुमारे १०,१०० रुपये येतो आणि एकूण व्याज ६४,००० रुपयांच्या घरात जाते. ८५,००० रुपयांच्या मासिक उत्पन्नातून घरखर्च, गृहकर्जाचा हप्ता आणि ८,००० रुपयांची एसआयपी वजा जाता आपल्या हाती १२,५०० रुपये उरतात. त्यातले बहुतेक सगळे तीन वर्षे अडकवून ठेवावेत, इतकी ही गरज निकडीची नाही. ठेवीवर कर्ज घेतले तर व्याज कमी पडेल, परंतु ठेव तारण राहिल्याने अडचणीच्या वेळी ती हाताशी नसेल.

देखभालीचा हिशेब वेगळा आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे. गेल्या वर्षी सर्व्हिसिंगवर झालेल्या ३८,००० रुपयांपैकी मजुरी १४,००० रुपये होती, असे आपण लिहिता. स्वतः काम केल्याने वाचते ती मुख्यतः एवढीच रक्कम, कारण ऑइल, फिल्टर आणि सुटे भाग विकत घ्यावेच लागतात. ४५,००० रुपयांची अवजारे घेतली, तर ती रक्कम वसूल व्हायला तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. परंतु पाने, सॉकेट आणि ग्राइंडर वर्कशॉपमध्ये आधीच असल्याने टॉर्क रेंच, ट्रॉली जॅक, भक्कम स्टँड आणि गाडीतील बिघाड दाखवणारा स्कॅनर एवढेच घ्यावे. हे २५,००० रुपयांत बसले, तर दोन वर्षांच्या आत पैसे सुटतात. काम रविवारी करावे. लेथ थांबवून गाडीखाली घालवलेला तास आपल्याला वाचलेल्या मजुरीपेक्षा महाग पडेल. इंजिन ऑइल, तिन्ही फिल्टर (ऑइल, हवा आणि डिझेलचा), प्रोपेलर शाफ्टचे (चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्याचे) ग्रीसिंग ही कामे निःशंकपणे हाती घ्यावीत. ओढ्यातून गाडी काढल्यावर पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलचे (चाकांना शक्ती वाटणाऱ्या गिअरपेट्यांचे) ऑइल तपासावे, ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे असे समजून लगेच बदलावे. डिफरन्शियलच्या ब्रीदर नळ्या, म्हणजे हवा ये-जा करण्याच्या नळ्या, उंचावर नेणे हा किरकोळ खर्चाचा बदल मोठे नुकसान टाळतो, आणि आपल्या यादीत नेमका तोच नाही. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये, हे पैशांच्या सल्ल्यातही सांगणे मला आवश्यक वाटते.

मोठ्या बदलांबाबत माझा आक्षेप केवळ खर्चाचा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद झाली. पुढे बसवायच्या लोखंडी गार्डांविरुद्ध कारवाई करण्यास केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. बंपर आपण स्वतः वेल्ड केलात, तर खर्च निम्म्यावर येईल, पण कायद्याची अडचण तशीच राहील, आणि विमा कंपनीला न कळवलेल्या बदलामुळे दावा नाकारला जाण्याची शक्यताही राहील. लेथवर स्पेसर बनवून पुढची बाजू उचलली, तर सीव्ही जॉइंटचा (पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या सांध्याचा) कोन वाढतो आणि त्यावरचे रबरी बूट लवकर फाटतात. म्हणजे बदलाचा खर्च एकदा करून संपत नाही. शिवाय गाडी विकताना या सामानाची किंमत सहसा मिळत नाही, उलट काही गिऱ्हाईक अशा गाडीकडे संशयाने पाहतात.

स्नॉर्कलऐवजी विम्याकडे पाहावे. पाणी शिरून इंजिन जाम झाले, तर साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत ते नुकसान सहसा भरून मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे जादा संरक्षण लागते आणि जुन्या गाडीला ते प्रत्येक कंपनी देत नाही. नूतनीकरणापूर्वी याची लेखी चौकशी करावी. मिळाले नाही, तर खोल पाण्यात गाडी न घालणे हाच स्वस्त उपाय आहे.

टायर ही खरी गरज आहे, परंतु २४५/७० आर १६ या मूळ मापाऐवजी २६५/७० आर १६ हे मोठे माप घेऊ नये. व्यास सुमारे पावणेचार टक्के वाढल्याने स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवील आणि मायलेजचा हिशेबही चुकेल. मूळ मापातच ऑल-टेरेन टायर घ्यावेत. उरणाऱ्या १२,५०० रुपयांपैकी पहिले दोन महिने अवजारांसाठी ठेवावेत आणि त्यानंतर दरमहा ७,००० रुपयांचे आवर्ती खाते उघडावे. वर्षभरात व्याजासह ८४,००० हून अधिक जमतील आणि मूळ मापाचे चार टायर त्यात येतील. आताचे टायर तोवर टिकण्याजोगे आहेत का, हे या पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावे. ते गुळगुळीत झाले असतील, तर आवर्ती खात्याची वाट न पाहता पुढचे-मागचे दोन जोड दोन टप्प्यांत बदलावेत आणि तोपर्यंत एसआयपी मात्र थांबवू नये.