डेन्मार्कचे लोक एवढा टॅक्स कुरकुर न करता भरतात ते देशप्रेमामुळे का?

असं विचारणाऱ्यांचं म्हणणं असतं की डॅनिश लोक एका भाषेचे, एका रक्ताचे, झेंड्यावर जीव असलेले, म्हणून एकमेकांसाठी पैसे काढतात. झेंड्याचं खरंय, इथे डेन्मार्कमध्ये वाढदिवसाच्या केकवर पण छोटे झेंडे लावतात. पण नुसत्या देशाभिमानानं काम झालं असतं तर ग्रीस आणि पोलंड टॅक्स भरण्यात सगळ्यात पुढे असते ना! तिथे अभिमान भरपूर, पण "बहुतेक माणसांवर विश्वास टाकता येतो का" असं सर्व्हेत विचारलं की बहुतेक जण नाही म्हणतात. डेन्मार्कमध्ये दहातले सातेक जण हो म्हणतात.

मी डेन्मार्कच्या फ्यून बेटावर राहतो. इथे उन्हाळ्यात शेतकरी रस्त्याकडेला टेबल मांडून जातात, नवे बटाटे, मटार, स्ट्रॉबेरी, पुठ्ठ्यावर भाव आणि मोबाईलपे या पैसे पाठवायच्या ॲपचा नंबर, राखायला कोणी नाही, आणि लोक थांबून पैसे टाकून माल घेऊन जातात. म्हणून हे जन्मजात प्रामाणिक असं मात्र समजू नका. दर मार्चमध्ये टॅक्सचा हिशोब ऑनलाइन तयारच येतो, कंपनीनं पगार कळवलेला, बँकेनं व्याज कळवलेलं, खोटं बोलायला जागाच नाही. जे उत्पन्न स्वतः सांगायचं असतं तिथे चोरी इथेही होते, त्यावर चांगलं संशोधन झालंय.

खरी गोम माझ्या मते योजनांच्या रचनेत आहे. दुधा-ब्रेडवर पण २५ टक्के व्हॅट लागतो, पण हॉस्पिटल सगळ्यांना फुकट, आणि कॉलेजच्या पोरांना जो एसयू नावाचा भत्ता मिळतो त्यात आई-बापाची कमाई बघत नाहीत, डॉक्टरची मुलगी आणि ड्रायव्हरची मुलगी दोघींना मिळतो. बो रोथस्टाइन हे स्वीडनचे अभ्यासक वर्षानुवर्षं हेच सांगतायत, की सगळ्यांना मिळणारी योजना असली की "हा खरंच गरीब आहे का" हा संशयच उरत नाही, आणि साहेबाच्या मर्जीवर काही नसलं की लाच, वशिला पण नाही. गरिबांपुरती योजना आली की शेजारी शेजाऱ्याकडे संशयानं बघायला लागतो.

देशाची ओळख मध्ये येते ती "आपला कोण" हे ठरवताना, आणि तिथे मला हा देश खटकतो. २००२ मध्ये इथे स्टार्टयेल्प नावाची कमी रकमेची मदत आणली, मागच्या ८ वर्षांतली ७ वर्षं इथे न राहिलेल्यांसाठी, म्हणजे मुख्यतः निर्वासितांसाठी. सुरुवातीला काहींनी नोकऱ्या धरल्या पण तो परिणाम टिकला नाही, घरात गरिबी मात्र आली. २०१२ मध्ये ती बंद केली आणि २०१५ मध्ये दुसऱ्या नावानं परत आणली.

मेट फ्रेडरिक्सन २०१९ ला निवडून येऊन पंतप्रधान झाल्या त्या कडक इमिग्रेशन आणि भक्कम वेल्फेअर दोन्ही एकत्र घेऊनच. त्यांची लवकर पेन्शनची योजना बघा, वयाच्या ६१ व्या वर्षी ४२ ते ४४ वर्षं काम झालेलं असेल तर १ ते ३ वर्षं आधी निवृत्त होता येतं. विटा रचणाऱ्या, साफसफाई करणाऱ्या माणसासाठी हे फार चांगलंय, मी मनापासून म्हणतो. पण सिरियातून तिसाव्या वर्षी निर्वासित म्हणून आलेल्या बाईनं इथे एकही दिवस न चुकता फरशा पुसल्या तरी ६१ पर्यंत तिची ३१ च वर्षं भरतात, ४२ ची अट पुरी होतच नाही.