अशील चोर आहे हे माहीत असूनही वकील त्याची केस का घेतात?

कारण आपल्या पसंतीचा वकील लावायचा हक्क आरोपीला राज्यघटनेच्या कलम २२ नं दिलाय. पैसे नसतील तर सरकार वकील देतं. हे तुम्हालाही ठाऊक असणार. प्रश्न रागानं विचारलाय, आणि तो राग माझ्याकडं जुना आहे.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना. २०१६ च्या दिवाळीत सहा पोती सूत गेलं. चौथ्या दिवशी चोर सापडला, पोतीही. प्रत्येक पोत्याच्या तोंडाला आमच्या जॉबरची, म्हणजे मुकादमाची, निळ्या दोऱ्याची दुहेरी गाठ जशीच्या तशी. म्हटलं, झालं काम.

उलटतपासणी झाली २०२१ ला. सरकारी वकिलांनी फाईल त्याच सकाळी उघडली असावी. आरोपीचा वकील मात्र तयारीत, गोड बोलणारा.

"सूत गुंडाळलेल्या कोनांवर तुमच्या कारखान्याचं नाव आहे?"

नाही.

"असं सूत सोलापुरात कुठंही मिळतं?"

मिळतं.

"मग ओळखलं कशावरून?"

गाठीवरून.

त्यानं माझीच फिर्याद माझ्यापुढं धरली. "यात गाठ दाखवा."

नव्हती. पंचनाम्यातही नव्हती. हवालदाराला मी दोनदा सांगितलं होतं हो! "ते कशाला एवढं, मालक," म्हणून तो पुढं लिहीत गेला आणि मी न वाचता सही ठोकली. पंच तर फितूरच झाला. आरोपी सुटला.

माझा चुलतभाऊ, आण्णा, वकील आहे. म्हणतो, "त्यानं त्याचं काम केलं. केस पोलिसांनी घालवली." मला नाही पटत. गाठ खरी आहे हे त्या वकिलाला पक्कं ठाऊक होतं. फिर्याद पुढं करताना लई बारीक हसला होता.

तुमच्याकडं चोरी झाली तर फिर्याद वाचून सही करा, प्रत फुकट मिळते. माल ठाण्यात कुजू देऊ नका, कोर्टात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागितला की हजर करीन अशा लेखी हमीवर, सोडवून घ्या. माझं सूत निकालानंतर हातात आलं तेव्हा ओढलं की तुटत होतं. आणि सरकारी वकिलाच्या मदतीला फिर्यादीला आपला खासगी वकील देता येतो. हे मला निकालानंतर कळलं, तेही परक्याकडून. घरात काळा कोट असून आण्णा पाच वर्षं एका शब्दानं बोलला नाही. घरच्या केसला फी कोण देणार?

सगळे वकील तसले, असं माझं म्हणणं नाही. मागं एका व्यापाऱ्याचा चेक बाउन्स झाला, ती १३८ ची केस मी त्या गोड बोलणाऱ्यालाच दिलीय. तेव्हापासून आण्णा दिवाळीला घरी येत नाही.