वाचकांचे प्रश्न : माळ्यावरचे डायलॉग

प्रश्न : गुळाच्या अडत दुकानासाठी रिअ‍ॅक्टमध्ये, म्हणजे वेबपानं बांधायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत, ॲप केलंय. आवक, पट्टी (शेतकऱ्याचा विक्रीचा हिशेब), उचल, हमाली-तोलाई असे मिळून अकरा डायलॉग, म्हणजे पानावर उघडणाऱ्या छोट्या खिडक्या, आहेत. पहिलं पान उघडायला वेळ लागायचा म्हणून अकराही 'लेझी', म्हणजे लागतील तेव्हाच मागवायचे, करून टाकले. तरी पान पूर्वीइतकंच जड वाटतं. 'नवी पट्टी' दाबलं की मागची अख्खी यादी गायब होऊन पांढरा पडदा येतो. आणि मी नवीन अपडेट टाकलं की काहींना डायलॉग उघडतच नाहीत. कुठं चुकतंय?
— एक वाचक, उचगाव (ता. करवीर)

उत्तर : तुम्ही कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत बसून चप्पल घेतली असेल तर लेझी लोडिंग तुम्हाला आधीच समजलेलं आहे. समोर नमुन्याची एकेकच चप्पल टांगलेली असते. गिऱ्हाईकानं बोट दाखवलं की मालक वर मान करून ओरडतो, "आठ नंबर टाक रे!" आणि माळ्याच्या चौकोनातून जोड खाली येतो. सगळा माल खालीच मांडला तर गिऱ्हाईकाला बसायला जागा उरायची नाही. रिअ‍ॅक्टमध्ये हा माळा २०१८ मध्ये, १६.६ आवृत्तीत 'लेझी' नावानं आला. तुमच्या तिन्ही तक्रारी या माळ्याच्याच आहेत.

पहिली तक्रार. माल वर चढवला असं तुम्हाला वाटतंय, तो खालीच आहे. पट्टीच्या डायलॉगच्या फाईलमध्ये रक्कम अक्षरी लिहिणारं एखादं छोटं फंक्शन असेल, आणि यादीच्या पानानं ते तिथूनच साध्या इम्पोर्टनं (दुसऱ्या फाईलमधला कोड आणायची ओळ) घेतलं असेल. झालं! ती फाईल मुख्य गठ्ठ्यात, म्हणजे पान उघडतानाच येणाऱ्या कोडात, आली, तुमचा लेझी नावापुरता राहिला. सगळे कॉम्पोनंट (पानाचे सुटे भाग) एकाच इंडेक्स फाईलमधून बाहेर काढायची सवय असेल तरी बऱ्याचदा हेच होतं. व्हीट (कोडाच्या फाईली बांधून देणारं साधन) वापरत असाल तर बिल्ड करताना तो तसं सांगतोही, पण ती पिवळी अक्षरं वाचतो कोण? अक्षरी रकमेचं फंक्शन वेगळ्या फाईलमध्ये न्या.

याच तक्रारीचं दुसरं कारण यापेक्षा लबाड आहे. डायलॉग लेझी केला, पण पानात तो कायम लिहून ठेवला आणि 'ओपन' फक्त फॉल्स दिलं. रिअ‍ॅक्टला त्या फॉल्सशी देणंघेणं नाही. कॉम्पोनंट पानाच्या झाडात (भागांच्या मांडणीत) दिसला की तो फाईल मागवतो. म्हणजे पान उघडताच अकरा जोड धडाधड माळ्यावरून खाली. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्कचा टॅब उघडून बघा, कुठलंही बटण न दाबता त्या फाईली येताना दिसतील. उपाय सोपा आहे. 'एकदा तरी उघडला' अशी एक खूण ठेवा आणि ती खरी झाल्यावरच डायलॉग पानात येऊ द्या. नंतर तो काढू नका, नाहीतर बंद होतानाचं ॲनिमेशन अर्ध्यात तुटतं.

आणि अकराच्या अकरा कशाला? 'ही उचल रद्द करायची का? होय / नाही' एवढ्यासाठी सर्व्हरला फेरी मारायला लावणं म्हणजे शेजारच्या घरी जायला रिक्षा करणं. जड काय असतं, तर तारखेचं कॅलेंडर, आलेख, पट्टीची पीडीएफ करणारी लायब्ररी. ती पीडीएफची लायब्ररी तर डायलॉग उघडतानाही नको, 'छापा' दाबल्यावर आली तरी चालते.

आता दुसरी तक्रार, पांढरा पडदा. सस्पेन्स, म्हणजे माल येईपर्यंत दाखवायचा पडदा, तुम्ही वर राऊटरपाशी (पानं बदलणाऱ्या भागापाशी) एकदाच लावलाय, पैज लावून सांगतो. आतलं काही यायचं बाकी असलं की रिअ‍ॅक्ट वर चढत जातो आणि जो पहिला सस्पेन्स भेटेल त्याच्या आतलं सगळं झाकून टाकतो. तुमच्याकडे त्या 'सगळ्या'त यादीही आली. सस्पेन्स डायलॉगपुरता लावा. त्याहून बरं म्हणजे डायलॉगची चौकट, मथळा आणि बंद करायचं बटण मुख्य गठ्ठ्यात ठेवा, आणि आतला फॉर्म तेवढा सस्पेन्समध्ये घाला. बटण दाबल्याक्षणी चौकट दिसते, माणूस दुसऱ्यांदा दाबत नाही.

पण एवढ्यावर थांबू नका. मी थांबलो होतो. मार्केट यार्डातल्या एका दुकानाला मीच असं ॲप करून दिलं आणि सौदे सुरू असताना दिवाणजींच्या शेजारी जाऊन बसलो. दिवाणजी माऊसला हात लावत नाहीत. नजर कागदावर, बोटं कीबोर्डवर. त्यांनी शॉर्टकट दाबला आणि लगेच शेतकऱ्याचं नाव टाइप करायला घेतलं. फॉर्म यायला सेकंदभर लागला. तोवरची अक्षरं गेली हवेत. लिहिलं 'सदाशिव', उमटलं 'शिव', आणि खालच्या यादीत भलताच शिवाप्पा वर आला. एंटर पडला असता तर तीस किलोच्या गुळाच्या रव्यांची पट्टी दुसऱ्याच्याच नावावर. दिवाणजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "साहेब, तुमची खिडकी चहाला जातीया काय मधनंच?"

त्या संध्याकाळी पट्टीचा डायलॉग मी परत मुख्य गठ्ठ्यात आणला. दिवसभर सारखा उघडणारा डायलॉग लेझी करायचा नसतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतोय. महिन्यातून दोनदा लागणारे खुशाल माळ्यावर टाका. मधल्यांसाठी जुन्या दुकानदाराची युक्ती आहे. तुम्ही पायरी चढत असतानाच तो पायाकडं बघून नंबर ओरडून मोकळा होतो. तसं बटणावर माऊस आला किंवा टॅबनं फोकस आला की लेझीला दिलेलं तेच इम्पोर्ट फंक्शन बोलवून ठेवा. एकदा आलेलं मॉड्यूल ब्राउझर पुन्हा आणत नाही, त्यामुळे क्लिकच्या वेळी काही जादा होत नाही. मोबाईलवर माऊस नाही, तिथं बोट टेकताच बोलवा. फॉर्म आल्यावर फोकस पहिल्या रकान्यात तुम्हीच न्यायचा. नाहीतर चौकट आधी उघडल्यामुळे तो बंद करायच्या बटणावर बसून राहतो, आणि दिवाणजींनी एंटर दाबला की खिडकीच बंद.

तिसरी तक्रार म्हणजे अपडेट. बिल्ड करताना फाईलच्या नावाला आकडे-अक्षरांचं शेपूट लागतं आणि आतला मजकूर बदलला की शेपूटही बदलतं. यार्डात टॅब चार-चार दिवस उघडा असतो. तो जुन्याच नावानं जोड मागतो आणि तुम्ही तर जुना माल उचलून टाकलाय. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणारी जागा) 'फेल्ड टू फेच डायनॅमिकली इम्पोर्टेड मॉड्यूल' दिसत असेल. कधी माइम टाइपची (फाईलचा प्रकार चुकल्याची) तक्रारही दिसते, कारण न सापडलेल्या पत्त्याला सर्व्हर इंडेक्स डॉट एचटीएमएल (मुख्य पानाची फाईल) पाठवतो. चप्पल मागितली, हातात दुकानाची पाटी!

जुन्या बिल्डच्या फाईली सर्व्हरवर दोन-तीन आठवडे राहू द्या, किती जागा खाणार त्या? इंडेक्स डॉट एचटीएमएल मात्र ब्राउझरनं प्रत्येक वेळी विचारूनच घ्यावी असं हेडर (सर्व्हरची सूचना) लावा. असेट्सच्या फोल्डरमध्ये फाईल नसेल तर सरळ ४०४ ('सापडलं नाही') द्या. आणि डायलॉगभोवती एरर बाउंडरी (चूक झेलणारं वेष्टण) घालून त्यात लिहा, 'नवीन आवृत्ती आली आहे, पान पुन्हा उघडा.' नुसतं 'पुन्हा प्रयत्न करा' बटण देऊन भागत नाही, कारण रिअ‍ॅक्टचा लेझी एकदा फसलेला प्रॉमिस (फाईल आणायचं वचन) धरून बसतो आणि तीच चूक परत दाखवतो. पान आपोआप रिलोड करायचा मोहही आवरा. मागं अर्धी आवक भरलेली असली तर दिवाणजी चहावर थांबणार नाहीत.

प्रश्न : आमचं सगळं साधं पीएचपी आणि एचटीएमएल आहे. असे डायलॉग लावायला रिअ‍ॅक्ट शिकावंच लागेल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : अजिबात नाही. एचटीएमएलमध्येच 'डायलॉग' नावाचा टॅग आहे. क्रोममध्ये तो २०१४ पासून होता, फायरफॉक्स आणि सफारीत मार्च २०२२ मध्ये आला, तेव्हा आता बिनधास्त वापरा. 'शोमोडल' या फंक्शननं उघडला की मागचं पान दाबता येत नाही, एस्केपनं बंद होतो आणि फोकस होता तिथं परत जातो. हे सगळं आपण पूर्वी हातानं लिहायचो, आणि चुकीचं लिहायचो. आतल्या जड भागासाठी बटणाच्या क्लिकमध्ये कंसवालं इम्पोर्ट (फाईल त्या क्षणी मागवणारं) लिहा. ते साध्या स्क्रिप्टमध्येही चालतं. फक्त आतल्या फॉर्मला मेथड 'डायलॉग' दिलीत तर तो सर्व्हरला काहीच पाठवत नाही, नुसता बंद होतो. आणि 'छापा'च्या बटणाला टाइप 'बटन' लिहायला विसरलात तर ते सबमिटचं बटण समजलं जातं. मग छापायला जाल आणि खिडकी मिटेल.