आडनाव काही सांगत नाही तेव्हा

ख्रिस्तात सप्रेम सलाम. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यातील कार्यालयात तुम्ही चार वर्षे काढलीत. आडनाव शिंदे असल्यामुळे कोणी काही विचारले नाही आणि तुम्हीही सांगितले नाही. उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) रजा दरवर्षी 'घरगुती काम' लिहून घेता. आणि आता विश्वास उघडपणे कबूल करण्याचे धैर्य आणायचे कुठून, असे विचारता. मी नगर जिल्ह्यातला, तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. बँकेच्या नोकरीत मी हेच सगळे केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडच्या बहुतेक प्रोटेस्टंट कुटुंबांनी धर्म स्वीकारताना आडनावे बदलली नाहीत. गायकवाड, साळवे, शिंदे तसेच राहिले. वसईच्या परेरा-डिसोझांना ही सोय नाही. नाव सांगताच त्यांची ओळख होऊन जाते. आपल्याला मात्र तोंडातून एकही खोटा शब्द न काढता लपता येते, आणि न सांगणे म्हणजे काही खोटे बोलणे नव्हे, अशी मनाची समजूतही काढता येते. माझी ती समजूत तीन वर्षे टिकली.

तालुक्याच्या गावी शाखेत होतो. रविवारी सकाळी कुठे असता, असे कोणी विचारले की 'बाजारात' म्हणत असे. दुपारी डबा उघडल्यावर चपातीचा पहिला तुकडा मोडेपर्यंत, डोळे उघडे ठेवूनच, मनातल्या मनात प्रार्थना उरकत असे. तिसऱ्या वर्षी वडील वारले. शाखेतील चौघे जण घरी आले, तेव्हा अंगणात शवपेटी ठेवलेली होती आणि पाळकसाहेब पवित्र शास्त्र उघडून उभे होते. शेजारच्या काउंटरवर बसणारे, वयाने वडील असलेले एक सहकारी होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. ते दफनाला शेवटपर्यंत थांबले. आठवड्याने कामावर गेलो तेव्हा एवढेच म्हणाले, "तीन वर्षे एकत्र डबा खाल्ला, आणि हे मला तुमच्या अंगणात येऊन कळावे?"

त्यांना माझ्या धर्माचे काही वाटले नव्हते. मी त्यांच्यावर भरवसा ठेवला नाही, हे त्यांना लागले होते. तोवर मी माझ्या भीतीचाच विचार करत आलो होतो. त्या भीतीपोटी मी शेजारच्या भल्या माणसाला मनातल्या मनात संकुचित ठरवून टाकले आहे, हे कधी ध्यानातच आले नव्हते. सगळेच अण्णांसारखे निघाले नाहीत, हेही सांगतो. एकाने "आजोबांना तेव्हा किती मिळाले होते?" असे हसत विचारले, आणि दुसऱ्याचे माझ्याबरोबर चहाला येणे बंद झाले. पहिल्या गोष्टीने राग आला, दुसरीने वाईट वाटले. पण तीन वर्षे ज्याची धास्ती घेतली होती ते एवढेसेच होते.

धैर्य आधी येते आणि मग माणूस बोलतो, असे मला अनुभवाने वाटत नाही. यहुदी धर्मसभेतल्या निकदेमाकडे पाहा. बायबलातील योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात तो रात्री येशूकडे येतो, सातव्यात धर्मसभेत येशूच्या बाजूने जेमतेम एक वाक्य बोलतो आणि तेही प्रश्नाच्या आडून, आणि एकोणिसाव्यात, शिष्य पांगलेले असताना, गंधरस व अगरू घेऊन येशूच्या दफनासाठी उघडपणे पुढे येतो. त्याच्याबरोबरचा अरिमथाईकर योसेफही तोवर भीतीमुळे गुप्तपणेच शिष्य होता.

आपल्या घरातले उदाहरण हवे असेल तर टिळक दांपत्याचे आहे. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला 1900 साली. मधल्या काळात विरह, लोकनिंदा, सोवळे-ओवळे हे सगळे त्या घराने सोसले. टिळकांनी मराठीपण सोडले नाही, उलट ख्रिस्ताची भक्ती अभंगात गायिली. ख्रिस्ती म्हटले की आपण सहकाऱ्यांना परके होऊ, ही तुमची धास्ती त्यांचे अभंग गात वाढलेल्या माणसाला तरी पटू नये.

कबूल करणे आणि प्रचार करणे यांत तुमचा थोडा गोंधळ झालेला दिसतो. संविधानाच्या अनुच्छेद 25 मध्ये धर्म प्रकट करणे, आचरणे आणि त्याचा प्रसार करणे असे तीन वेगळे शब्द आहेत. तुमचा प्रश्न त्यांतल्या पहिल्यापुरताच आहे. येशूचा शिष्य पेत्रही आपल्या पहिल्या पत्रात म्हणतो की आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेने द्या. आपण कोण हेच ठाऊक नसेल, तर कोणी विचारणार तरी कसे?

गणपतीच्या आरतीचे काय, हेही तुम्ही विचारले आहे. प्रसादाबाबत आपल्या मंडळ्यांत एकमत नाही, आणि बायबलातील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचे, मूर्तींना वाहिलेल्या अन्नाविषयीचे, आठवे व दहावे अध्याय दोन्ही बाजू पुढे करतात. मी मांडवाच्या कामाला हात लावत असे, आरतीच्या वेळी मागे शांत उभा राहत असे, आणि ताट पुढे आले तेव्हा "मी ख्रिस्ती आहे, आरती करत नाही, पण तुमच्याबरोबर उभा आहे" असे सांगितले. ते एकदाच सांगावे लागले.

एक गोष्ट वेगळी ठेवतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही, आणि अनेक कुटुंबांच्या मौनामागे मुलांच्या शिक्षणाची व नोकरीची चिंता असते. त्यांना भित्रे म्हणणे मला जमत नाही. तुमच्या पत्रात तशी अडचण दिसली नाही, म्हणूनच तुम्हाला इतके स्पष्ट लिहिले.

सगळ्यांना बोलावून काही जाहीर करण्याची गरज नाही. येत्या उत्तम शुक्रवारच्या अर्जात 'घरगुती काम' लिहू नका. 'बारा ते तीन चर्चमध्ये उपासना' असे लिहा. साहेबांनी तीन तास काय असते असे विचारलेच, तर येशूच्या क्रुसावरील सात उद्गारांवर मनन असते, असे सांगा.